काळी दाढ

“दुधाचे दात पडणारच, म्हणून किडू द्यायचे? उद्या तुम्हीही मरणारच आहात, मग आज जेवलात कशाला?”

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडत होत्या. त्या ओरडल्या की मिरकरवाड्याच्या बंदरावरची मांजरं तोंडातला बांगडा टाकून पळतात, हे मी शपथेवर सांगतो. त्यांच्याकडे खुर्चीत पोर बसतं आणि बोलणी खातात बाकावरचे पालक. माझा गुन्हा एवढाच, की चार वर्षांच्या नातीची किडलेली दाढ दाखवून मी म्हटलं होतं, “दुधाचीच आहे, उपटून टाका.”

नातीकडे वळल्या की मात्र त्यांचा आवाज कुजबुजीवर यायचा. “बाय गो, मुंगी चालतेय बघ दातावरून.” मशीनला त्यांनी हातही लावला नाही. दाढ कापसाने कोरडी केली आणि इवल्याशा ब्रशाने चांदीचं औषध लावलं. त्याने कीड जागीच थांबते. नात हसत खाली उतरली.

कीड थांबली, पण किडलेली जागा काळी पडली. तशी ती पडणार हे बाईंनी बजावलं होतं; घरी सांगायची माझी छाती झाली नव्हती. दिवसभर मिश्री घासणारी आमची ही तरातरा दवाखान्यात शिरली, मागोमाग मी.

“पोरीचा दात काळाठिक्कर केलात! हिला उद्या कोण करून घेईल?”

बाईंनी आरसा उचलून हिच्या तोंडासमोर धरला. मी कानांत बोटं घालायच्या बेतात होतो. पण मोठ्या माणसाशी त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या.

“आजी, तिचा दुधाचा आहे, पडेल. तुमचे कायमचे आहेत.”