बेटाच्या रांगेतली रेघ

बेटावर सगळे तिला मोजणीताई म्हणत. ती दवाखान्यात नोंदणी कारकून होती. कोणाला कॅन्सर झाला, कोण त्याने गेलं, हे दारोदार विचारून शहरातल्या कार्यालयाला कळवायचं, हे तिचं काम. ती फाटकात दिसली की म्हाताऱ्या म्हणत, "आम्ही अजून आहोत गं, पुढच्या वर्षी ये." तीही हसून म्हणे, "बरं, यंदा माफ."

पण वर्षअखेरीला शहरातून तक्ता यायचा आणि तिचं डोकं फिरायचं. बेटाच्या रांगेत आकड्याच्या जागी नुसती रेघ. पाचापेक्षा कमी आकडा छापायचा नाही, रुग्णाची ओळख उघड होते, असा नियम. जिथे कोणाच्या घरी कोण रुसलंय हेही सकाळच्या चहाच्या आत गावभर होतं, तिथे ओळख लपवायची कोणापासून?

आणि आकडा कमी का, हेही उघड गुपित होतं. मोठ्या रुग्णालयात शहरवाल्यांचा नंबर आधी लागतो. म्हणून बेटावरचा जो तो खिडकीवर शहरातल्या नातलगाचा पत्ता सांगायचा. माणूस बेटाचा, दुखणं बेटाचं, मोजणी शहराच्या खात्यात. ती घरोघरी भांडायची, "खरा पत्ता सांगा. आपला आकडाच नसेल तर शहरातून येणारी तपासणीची बोट बंद करतील." लोक मान डोलवायचे आणि करायचं तेच करायचे.

मग तिच्या नवऱ्याचा आवाज बसला. तो धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दिवसभर इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलायचं, घसा बसणारच, म्हणून त्याने अंगावर काढलं. शेवटी तपासणीच्या बोटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला आणि त्याला तडक शहरात पाठवलं.

रुग्णालयाच्या खिडकीवर शहरात राहणारा दीर म्हणाला, "वहिनी, माझा पत्ता द्या. या आठवड्यात नंबर लागेल. नाहीतर दोन महिने बसा."

"बेट लिही," नवरा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सगळ्या गावाशी भांडतेस ना?"

"तुम्ही गप्प बसा. आकड्यात नसलात तरी चालेल मला, घरात हवे आहात."

तिने दिराचा पत्ता लिहिला. लाज वाटली नाही, संताप आला. जगायचं तर खोटं बोला आणि खरं बोलाल तर रांगेत मरा, ही कुठली रीत?

ऑपरेशन झालं. नवरा वाचला, आवाज कायमचा गेला.

त्या वर्षी तक्त्यात पुन्हा रेघ आली. खाली शेरा होता: आजाराचे प्रमाण नगण्य, तपासणीची बोट बंद करावी. तिने कार्यालयात फोन लावला.

"साहेब, मी पाठवलेल्या नावांचं काय झालं?"

"बाई, रुग्णालयाच्या कागदावरचा पत्ताच धरतात."

"मग मला दारोदार कशाला हिंडवता?"

"तशी पद्धत आहे," साहेब म्हणाले.

शेवटच्या फेरीला साहेब स्वतः आले, बोटीवरची यंत्रं ताब्यात घ्यायला. निघायच्या वेळी बोटीचं इंजिन बंद पडलं. दुरुस्तीला माणूस एकच, तिचा नवरा.

"हात लावू नका," ती धक्क्यावर त्याला म्हणाली. "राहू दे बोट इथेच."

तो नुसता हसला आणि पाना घेऊन खाली उतरला. बिघडलेलं इंजिन तसंच सोडून जाणं त्याला कधी जमलंच नव्हतं. थोड्या वेळाने इंजिन धडधडायला लागलं. साहेबांनी त्याचे आभार मानले, चार गोष्टी विचारल्या. त्याने गळ्याच्या पट्टीकडे बोट दाखवून मान हलवली.

"यांच्या घशाला काय झालं?" साहेबांनी तिला विचारलं.

"काही नाही साहेब," मोजणीताई म्हणाली. "आमच्या बेटावर तो आजार नसतो."