टेकाम

वकीलसाहेब धुऱ्यावर खुर्ची टाकून बसलते. मालकाचे मेहुणे, यवतमाळहून हुरडा खायले आलेले. आमी बाया-मानसं कापूस वेचून राह्यलतो. माहा बाप पान्याचा गुंड घेऊन त्याईच्या पुढं उभा होता. साहेबानं आडनाव इचारलं. बाप म्हनला, "टेकाम."

"काम दिसलं की टेकतात, म्हणून टेकाम," साहेब म्हणाले.

मालक हसले. वेचनाऱ्या बाया हसल्या. माहा बापही हसला.

दिवस निघायच्या आधी वावरात येनारा मानूस. त्याले टेकनारा म्हनलं. आन् तो हसला.

तवापासून मालकाची हाकच ते झाली. "काय टेकाम, टेकले का?" बाप हातचं टाकून त्याईच्याकडं पये.

एका रोजी मी त्याले इचारलं, काहून हसले तुमी? तो म्हनला, "बोंडअळीनं वावरं खाल्ली. वेचाले मानसंच लागून नाई राह्यले. हसलो नसतो तं उद्या आपल्याले बलावलं नसतं."

मंग आडनावाचा खरा अर्थ इचारला. त्याले माहीत नव्हता. त्याच्या बापानं घरात गोंडी बोलनं बंद केलतं, गावातले लोक हसतात म्हनून. आमच्यापर्यंत फकस्त आडनाव पोचलं.

बापाची आत्या राळेगावाकडं, जंगलाच्या कडेले राहे. तिले गोंडी येत होती. मी तिच्याकडं गेली.

"टेका म्हंजे साग," आजी म्हनली. "आपल्या कुळाचं झाड हाय. आपन त्याच्यावर कुऱ्हाड नाई चालवत."

मांगं एका साली वेचनी बुडाली, तवा माहा बाप सागच तोडाले गेलता. नाव आमचं. झाड सरकारचं. कुऱ्हाड ठेकेदाराची. हात माह्या बापाचे. आजीले हे सांगाची हिंमत झाली नाई.

दुसऱ्या हंगामात साहेब पुन्हा आले. पुन्हा तेच बोलले. मी कपाशीच्या तासातून उठली, त्याईच्या पुढं गेली.

"साहेब, टेका म्हंजे साग. आमच्या भाषेत. तुमाले ते भाषा येत नाई."

साहेबानं मले खालून वरपर्यंत पाह्यलं.

"म्हणजे लाकूडच ना," ते म्हणाले.

पुन्हा सारे हसले. बाप खाली मान घालून उभा. मी ओटी सोडली, वेचलेला कापूस तिथंच धुऱ्यावर ओतला आन् घराकडं निघाली. बाप मांगून आला नाई.

त्यानंतर आमच्या घरातल्या कोनालेच वेचनीले बलावलं नाई. आजी त्याच उन्हाळ्यात गेली. तिच्याजोळून मी चार शब्द शिकली असन, जास्त नाई. आता घरात गोंडी बोलनारं कोनी नाई. बाप तेलंगणात मजुरीले जाते. माह्यासंगं बोलत नाई. मायले म्हनते, पोरीनं एका शब्दापायी चूल इझवली.

खरं हाय त्याचं. त्या शब्दानं घरात दाना आला नाई. साहेबाची मानही खाली गेली नाई.

पन आता माह्या नावाचा अर्थ दुसऱ्या कोनाले सांगू देनार नाई. वावर असो, नाई तं कचेरी. कोनी सांगाले लागला, तं मी तिथंच, त्याच्या तोंडावर, त्याले थांबवीन. मंग उपाशी राहावं लागलं तरी चालन.