अळणी भाकरी आणि तिची मराठी

लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि माझी बायको अजून मराठी शिकत होती. तिचं माहेर चिकोडीच्या पलीकडं, घरीदारी सगळं कानडी. आमचं गाव निपाणीजवळ. घरात मराठी, बाजारात दोन्ही. आम्ही जैन शेतकरी, तंबाखू पिकवणारे. कानडी आम्हा सगळ्यांनाच यायचं, पण माझ्या आईचा, आव्वाचा, हट्ट असा की सुनेनं घरात मराठीच बोललं पाहिजे. सूनही काही कमी हट्टी नव्हती. सहा महिन्यांत ती विहिरीवर भांडण्याइतकी तयार झाली. फक्त लिंगाचा घोळ सुटेना. "ह्यो भाकरी करपला," "ती बैल आली," असं ती बिनदिक्कत म्हणायची. आव्वा चिडून दुरुस्त करायची. सासूला ती माहेरच्या रीतीनं आत्ती म्हणे. एकदा तिनं उलट विचारलं, "बैलाचं ऱ्हाऊ दे आत्ती, पण भाकरी बाई हाय हे कुणी बघितलं?"

आव्वानं तव्यावरची भाकरी उलटली. मी अंगणात जाऊन हसलो.

त्या हिवाळ्यात तिचा घसा धरला, ताप आला. काढा दिला, चार दिवसांत ताप गेला, आम्ही विसरूनही गेलो. पंधरवड्यानं तिचा चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला. शेजारच्या बायका कौतुक करू लागल्या. "सासरचं अन्न मानवलं बघ. अंगावर आलीया पोरगी." आव्वाला तर वेगळीच आशा वाटू लागली. पण मी रोज सकाळी तिचे डोळे बघत होतो; पापण्या इतक्या सुजलेल्या असायच्या की बाहुल्या शोधाव्या लागत. संध्याकाळी पायात जोडवी रुतायची. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तो लवकर भरून यायचा नाही. एक दिवस तिनं लाजत सांगितलं की लघवी फार थोडी होते आणि तिचा रंग उकळलेल्या चहासारखा आहे. वर डोकं सारखं ठणकत होतं.

मी वडिलांना, आप्पांना, सांगितलं. बेळगावला डॉक्टरकडं न्यायचं असं त्यांनी ठरवलंसुद्धा. पण तंबाखू खुडायला आला होता, म्हणून दोन दिवसांनी जायचं ठरलं.

तेवढी सवड मिळाली नाही. दुसऱ्याच दुपारी ती चुलीपुढं बसली होती. जाळ चांगला फुललेला. एकाएकी ती म्हणाली, "चूल कुणी इझवली?"

आव्वा म्हणाली, "इझली कुठं गं? समोर पेटलीया की."

तिनं हात पुढं केला. आव्वानं तो वरच्यावर पकडला नसता तर तो जाळातच गेला असता. त्याच क्षणी तिचं अंग ताठ झालं, डोळे फिरले, दातखिळी बसली. झटके थांबले तेव्हा ती गाढ झोपल्यासारखी पडली होती.

घर माणसांनी भरलं. कुणी म्हणालं लागीर झालं, कुणी देवऋष्याचं नाव सुचवलं. आप्पा एरवी मोजकं बोलणारे. ते उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "देवऋषी मागनं बघू. आधी मोटार बघा."

निपाणीहून बेळगावला जाणारी सर्व्हिस मोटार आप्पांनी सडकेवर आडवं उभं राहून थांबवली. मागच्या बाकावर तिचं डोकं आव्वाच्या मांडीवर, पाय माझ्या. संकेश्वर मागं पडलं, काकती आली. सबंध वाटेत आव्वा णमोकार मंत्र म्हणत होती. मी फक्त बायकोच्या छातीकडं बघत होतो, ती वरखाली होते की नाही एवढंच.

बेळगावात लष्कराच्या कॅम्पाजवळ एका डॉक्टरांचा दवाखाना होता, मागं रोग्यांसाठी दोन-तीन खोल्या. डॉक्टर वयानं माझ्याहून फार मोठे नव्हते. त्यांनी तिच्या दंडाला एक पट्टा गुंडाळला, रबराचा फुगा दाबत गेले आणि लाकडी पेटीतल्या काचेच्या नळीत पारा चढू लागला. तो चढतच राहिला. डॉक्टरांनी एकदा मोजलं, पट्टा सोडला, परत बांधला, परत मोजलं.

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिच्या मूत्रपिंडांना सूज आली आहे. घसा धरला होता ना, त्यातून हे होतं कधी कधी. मूत्रपिंडं पाणी आणि मीठ बाहेर टाकेनात, ते अंगात साठलं, रक्ताचा दाब वाढला. आणि तो दाब आता मेंदूला सोसत नाही. आचके त्यामुळंच आले, दिसेनासंही त्यामुळंच झालं."

"वाचंल का?" मी विचारलं.

"वाचवायचीच आहे," ते म्हणाले. "मेंदूत रक्त फुटल्याची खूण मला दिसत नाही. नुसता सुजला असेल तर दाब उतरला की तो पूर्ववत होतो. पण केव्हा, ते आज कुणी सांगू शकणार नाही."

त्यांनी आचके थांबवायची सुई दिली आणि दंडाच्या शिरेतून थोडं रक्त काढलं. वाटीत पडणारं ते रक्त बघून आव्वा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. खोलीच्या खिडकीला जाड कापड लावलं. पाणी मापून द्यायचं, आणि मिठाचा कण पोटात जाता कामा नये.

आचके पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. उजेड-अंधार कळत होता, माणसं दिसत नव्हती. ती बोलली, ते सगळं कानडीत. पाणी मागितलं कानडीत, आईला हाक मारली कानडीत. मी मराठीत बोललो तर ती आवाजाच्या दिशेनं मान वळवायची आणि परक्या मुलखातल्या माणसाचं ऐकावं तसं ऐकायची. मी कानडीत म्हणालो, "मी आहे." तिनं विचारलं, "मी म्हणजे कोण?"

सांगितलं, तुझा नवरा. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "माझं लग्न झालंय?"

मी बाहेर ओसरीवर येऊन बसलो. डॉक्टर आले. म्हणाले, "आईच्या दुधाबरोबर आलेली भाषा खोल असते. नंतर शिकलेलं वरवर असतं, ते आधी झाकलं जातं. गेलं असं समजू नका."

त्यानंतर मी तिच्याशी कानडीतच बोलू लागलो. माझं कानडी बाजारातलं, भाव करण्यापुरतं. बायकोला धीर द्यायचे शब्द मला त्या भाषेत येतच नव्हते. ओसरीवर बसलेल्या दुसऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांना विचारून मी ते शिकलो. एक म्हातारा हसला. "लग्न होऊन वरीस झालं आणि आता शिकतुयास व्हय?" मी म्हटलं, "व्हय, आत्ता गरज पडली."

नजर हळूहळू परतली. दाब मात्र उतरता उतरता एका ठिकाणी अडला, आणि एका सकाळी उलट चढलेला निघाला. डॉक्टर बुचकळ्यात पडले. काय खायला दिलं ते एकेक करून विचारू लागले. आव्वा कोपऱ्यात उभी होती. एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"म्या घातलं मीठ," ती म्हणाली. "चिमटीभर. पेजेत. अळणी पेज तिच्या घशाखाली उतरंना. आजारी लेकराला अळणी घालायचं म्हंजे... मला बघवंना, डॉक्टर."

मला वाटलं डॉक्टर आता कडाडतील. ते स्टुलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "आई, तुम्ही मायेनं घातलंत. पण ती चिमूट हिच्या डोक्यापर्यंत जाते."

आव्वानं पदरानं डोळे पुसले. आमच्यात पर्वाच्या दिवसांत एखादा रस सोडायची रीत आहे. कुणी तूप सोडतं, कुणी मीठ. आव्वानं उभ्याउभ्याच हात जोडले. "पोरगी बरी होईस्तवर मीबी मीठ सोडलं." आणि त्या दिवसापासून ती सुनेच्या पुढ्यातच बसून अळणी पेज, अळणी भाकरी, अळणी दुधीची भाजी खाऊ लागली. एक घास स्वतः घ्यायची, एक तिला भरवायची. वाद घालायला जागाच उरली नाही.

दाब पुन्हा उतरू लागला. लघवी वाढली, तिचा रंग निवळला, पायांची सूज गेली आणि चेहऱ्याची हाडं परत दिसायला लागली. डॉक्टर रोज काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. आधी ती दुधासारखी फाटायची, हीच मूत्रपिंडं बिघडल्याची खूण; ते फाटणं कमी कमी होत गेलं. पण मराठी नव्हती. आव्वाही आता कानडीत बोलत होती. सुनेनं घरात मराठीच बोलावं म्हणणारी ती बाई, तिच्या कानडीला कुणी हसेल याची तिला फिकीर उरली नव्हती.

मग एका दुपारी आव्वा तिला भरवत होती, मी दारात उभा होतो. तिनं घास तोंडात घेतला, चावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि स्वच्छ म्हणाली,

"आत्ती, ह्यो भाकरी लई अळणी झालाय."

आव्वाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "झालाय म्हण, बाई, झालाय म्हण! तुझा भाकरी तुला लखलाभ!" शेजारच्या खोलीतली माणसं काय झालं म्हणून धावत आली. मी डॉक्टरांना बोलवायला गेलो आणि मला काही सांगता येईना. शेवटी म्हणालो, "ती चुकीचं बोलली." डॉक्टर घाबरून उठले, तेव्हा मी काय बोललो ते मला कळलं.

पुढं सगळं भराभर आलं. लग्न आठवलं, आमचं घर आठवलं, विहिरीवरची भांडणं तर बारीकसारीक तपशिलासकट. चुलीपुढची ती दुपार मात्र तिला कधीच आठवली नाही. निघायच्या दिवशी डॉक्टरांनी तिचा दाब मोजला आणि पारा जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. ती म्हणाली, "आता ह्यांचा मोजा." डॉक्टरांनी गमतीनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. माझा तिच्यापेक्षा जास्त निघाला. ती इतकी हसली की डॉक्टरांनाही हसू आवरेना.

घरी आल्यावर तिला बरेच महिने जड काम नव्हतं, मीठ बेताचं होतं. मधूनमधून बेळगावला जाऊन दाब तपासून यायचो. वर्षभरानं नळीतली लघवी तापवली तरी पाण्यासारखी नितळ राहिली. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं उत्तम. डोकं तर त्याहून उत्तम. आता मला काही दाखवायला येऊ नका."

त्या वर्षी आम्ही तिघं तवनिधीला, आमच्या जैनांच्या तीर्थाला, दर्शनाला गेलो. बैलगाडी पायथ्याशी सोडली आणि तवंदी घाटाचा चढ पायी चढलो. मी आव्वाचा हात धरून हळूहळू येत होतो. बायको कुठल्या कुठं पुढं गेली होती. वळणावर कुणी कानडी बायका भेटल्या, त्यांच्याशी कानडीत बोलली. पुढं एक मराठी म्हातारी दमून बसली होती, तिला मराठीत धीर दिला. वर पोचल्यावर ती कठड्याशी उभी राहिली. वाऱ्यानं पदर उडत होता, चेहरा घामानं चमकत होता, आणि खाली आमच्या बाजूची तंबाखूची रानं पार क्षितिजापर्यंत हिरवी पसरली होती.

ती ओरडली, "या की वर! किती येळ लावतायसा!"

आव्वा धापा टाकत थांबली. वर बघत म्हणाली, "आलो गं, आलो."