ओल्या पावलातली टाच

गौरम्मा सुनेच्या पायांकडे बघायची नाही, पावलांच्या ठशांकडे बघायची. कमलम्मा न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर आली की शहाबादी फरशीवर ठसे उमटत. डाव्या पायाची बोटं आणि चवडा दिसायचा, टाच नसायची. म्हणजे दुखतंय खरं. तेवढ्यापुरता सासूचा संशय फिटायचा.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि विहिरी आटल्या होत्या. मोठ्या रस्त्यावर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, गल्लीच्या तोंडाशी टँकर. गौरम्माचा मुलगा शंकरप्पा डाळ मिलवर कामाला. घरात पाणी आणणारी त्याची बायको एकटीच. सकाळी उठताना तिच्या टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, मग कळ पोटरीतून मांडीपर्यंत चढायची. पायाला ना सूज, ना जखम. दाखवायला काहीच नव्हतं. टँकर आला की हिचं दुखणं येतं, असं सासूनं शेजारी सांगितलेलं तिच्या कानावर आलं होतं.

एका सकाळी डावी टाच फरशीवर उमटली आणि उजवी गायब. गौरम्मानं मुलाला बोलावून ठसे दाखवले.

"काल डावा, आज उजवा. सोंग करायचं तर पाय तरी ध्यानात ठेवावा माणसानं."

आज खरंच उजवा दुखतोय, असं कमलम्मा सांगत राहिली. सांगताना तिचं तिलाच ते खोटं वाटलं. शंकरप्पा वर न बघता म्हणाला, मुखेडला माहेरी ठेवून येऊ, पाय धड झाले की आणू. मुखेडात तिच्या गल्लीतली एक बाई अशीच आणून सोडलेली होती. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून कमलम्मा डाव्याच पायानं लंगडू लागली. कळ उजव्या टाचेत असली तरी ओठ आवळून ती पुरती टेकवायची आणि बरी असलेली डावी उचलून धरायची. ठसे रोज सारखे. हळूहळू गौरम्माचा आवाज मऊ झाला. तिनं एरंडाचं पान गरम करून सुनेच्या डाव्या टाचेला बांधलं. जिल्हा झाल्यावर आलेल्या हाडांच्या डॉक्टरकडेही तीच घेऊन गेली.

डॉक्टरनं डावी टाच दाबून बघितली, पाय सरळ वर उचलला. इथं काही सापडत नाही, म्हणाला. नसेचं असेल, कमरेतून येत असेल. नक्की सांगता यायचं नाही. मग त्यानं विचारलं, "दुसरा पाय दुखतो का कधी?"

"न्हाई साहेब," गौरम्मा म्हणाली. "डावाच. मी रोज बघते की."

सासू पहिल्यांदाच तिच्या बाजूनं बोलत होती. आणि बसल्या जागी उजव्या पोटरीत कळ चालली होती.

"दोन्ही दुखतात," कमलम्मा म्हणाली. "कधी ह्यो, कधी त्यो. आज उजवा हाय. आत्याबाईंना पटंना, म्हणून डावाच लंगडवत होते."

असं होतं, एवढंच म्हणून डॉक्टर उजव्या पायाकडे वळला.

घरी मुलानं विचारलं तेव्हा, नस हाय म्हणतो, एवढंच गौरम्मानं सांगितलं. मुखेडचं नाव निघेल म्हणून कमलम्मा जेवणं होईपर्यंत वाट बघत राहिली. निघालं नाही.

सकाळी न्हाणीतून बाहेर येताना तिनं जी दुखत होती तीच टाच उचलली. गल्लीत टँकरचा भोंगा वाजला. सासू फरशीकडे बघत उभी होती.

"आज कोणता?"

"उजवा."

"मग घागर डाव्या कमरेवर घे."

टोमणा होता की सोय, ते कमलम्माला कळलं नाही. तिनं घागर डावीकडे घेतली आणि पायरी उतरली. मागं सासू दारातच उभी होती, बघत.