आक्काचा उपास आणि साहेबांचे आशीर्वाद

"ओ साहेब, माईक खाली ठेवा! तुमचे आशीर्वाद संपेस्तोवर माझी बहीण संपंल!"

हे मी स्टेजवरून ओरडत होतो, नवरीच्या पाठीशी उभा राहून. मी नवरीचा मामा. तिथून हलायची सोय नव्हती, पण माझ्या तोंडापुढं कुणी अंतरपाट धरला नव्हता.

नेवाशाजवळचं कार्यालय, मे महिना, भर दुपार, वर पत्रा. त्या पत्र्यावर बसलेला कावळा एक पाय टेकवी तेव्हा दुसरा उचली. खाली स्टेजवरच्या गुलाबांचा गुलकंद व्हायला फक्त साखर कमी पडत होती. मुहूर्त केव्हाच टळलेला. आमच्याकडं मंगलाष्टकांआधी पुढाऱ्यांचे आशीर्वाद असतात, आणि आलेल्यांपैकी एकाजरी पुढाऱ्याला माईक मिळाला नाही तर सात पिढ्यांची सोयरीक मोडते असा समज आहे.

पहिल्या रांगेत आक्का, नवरीची आई. अक्षदा पडेपर्यंत तिचा कडक उपास, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. ओठ पांढरे पडलेले, पायात गोळे, आणि भिंत समजून ती शेजारच्या विहीणबाईंवर कलत चाललेली. माझ्या बायकोनं ग्लास पुढं केला तर म्हणाली, "अक्षदा पडू दे आधी."

आणि माईकवरचे साहेब काय सांगत होते? "उन्हाचा तडाखा लई हाय. दुपारचं घरात बसा, भरपूर पाणी प्या!"

तिथं माझं डोकं फिरलं आणि मी ओरडलो.

"मामा, दोनच मिनिटं," साहेब हसत म्हणाले. "अजून बाकीच्यांचे आशीर्वाद राह्यलेत."

"ते सावलीत घेऊ!" मी गुरुजींकडं वळलो. "म्हना."

"अहो, साहेबांचं संपू द्या..."

"तुमी म्हनत नसाल तर मी म्हनतो. माझा आवाज ठावं हाय ना?"

तो साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. मी बांधावरून बैलाला हाक मारली तर शिर्डीला उतरणारं विमान माघारी फिरतं. गुरुजींनी घाईनं सुरुवात केली. शेवटचं 'सावधान' मी असं गरजलो की पत्र्याचे स्क्रू ढिले झाले. सारी मंडळी तयारच होती. मुठीतले तांदूळ शिजायला आले होते. पडल्या अक्षदा! निम्म्या नवरानवरीवर, निम्म्या साहेबांवर. त्यांनी माईकसकट हात जोडले.

मी स्टेजवरून उडीच टाकली. बायकोनं अन् मी आक्काला उचलून बाहेर कडुलिंबाखाली नेलं. खाटेवर आडवं केलं, शालू सैल केला, पाय उशीवर ठेवले, ओला टॉवेल मानेवर, काखेत. मागून आमचा चुलता आला, लाल होऊन.

"मोठ्या मानसांचा अपमान केलास!"

"केला! उद्या बी करीन! माझी बहीण काय वाळवनाला घातली हुती व्हय?"

मग चुलत्यानंच उपरण्यानं आक्काला वारा घालायला घेतलं.

बायकोनं मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. ग्लास संपत आला तशी आक्कानं मान उचलली, इकडंतिकडं नीट बघितलं. मी छाती फुगवून पुढं झालो.

"बघ आक्का, तुझ्यापायी अख्खा तालुका अंगावर घेतला."

तिनं ग्लास माझ्या हातात दिला.

"कोमट हाय," म्हणाली.