आमच्या घरी मीच मुका

शालिक माइकसमोर उभा राहिला त्याला चार मिनिटं झाली होती. रिठदच्या मंडपात समोर दोनशे शेतकरी. मंडपवाला म्हणतो, खुर्च्या साठच होत्या. पण खुर्च्या मोजणाऱ्या माणसाच्या तोंडी कोणी लागू नये. शालिकनं माइक हातात घेतला, "नमस्कार" म्हणाला आणि थांबला. थांबला तो थांबलाच.

पाचव्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढली आणि ते उभे राहिले. त्यांचं पाहून शेजारचे उठले. बघता बघता आख्खा मंडप माना खाली घालून उभा. सरपंच माझ्या कानाशी लागले.

"राऊत सर, कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं. सोयाबीनच्या बियाण्याची माहिती सुरू आहे."

"मंग सांगा ना बाप्पा तसं! मी तं हार आनाले माणूस धाडला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. जऊळक्याला स्टेशनजवळ आमच्या कंपनीचं गोडाऊन आहे. गोडाऊन म्हणजे चार भिंती, वर पत्रे, आत बियाण्याची पोती आणि एक माणूस. तो माणूस गजानन. फोन एका ट्रकमालकाचा होता.

"साहेब, माहा ड्रायवर तीन घंट्यापासून तुमच्या गोडाऊनात हाय. माल अजून गाडीतच. इचारलं तं म्हणते, थांबा मालक, गजाननभाऊची गोष्ट अर्ध्यावर आली."

या दोघांना या दोन जागी नेमणारा माणूस मीच. मी बियाणे कंपनीत ट्रेनिंग मॅनेजर आहे. नवीन माणूस आला की त्याला शिकवायचं आणि कुठल्या कामाला लावायचं ते सुचवायचं. पूर्वी मी हे तोंड पाहून सांगत असे आणि बरोबर येत असे. मग हेड ऑफिसनं पर्सनॅलिटी टेस्ट पाठवली. चाळीस प्रश्न. उत्तरांवरून माणूस इन्ट्रोव्हर्ट की एक्स्ट्रोव्हर्ट ते ठरतं.

या दोन शब्दांचा अर्थ लोक लाजरा आणि धीट असा करतात. तसं नाही. एक माणूस लग्नाहून आला की दार लावून तासभर पडतो, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडतो. तो इन्ट्रोव्हर्ट. दुसरा लग्नाहून परत येतानाच पुढचं लग्न कोणाकडे याची चौकशी करतो. तो एक्स्ट्रोव्हर्ट. पहिला लग्नात नाचलाही असेल, दुसरा स्टेजवर थरथरलाही असेल. प्रश्न माणूस किती बोलतो हा नाही, कुठं ताजा होतो हा आहे.

टेस्टमध्ये शालिक एक्स्ट्रोव्हर्ट निघाला, चाळीसपैकी छत्तीस. म्हणून त्याला प्रचाराला दिला. गजानन पक्का इन्ट्रोव्हर्ट. म्हणून त्याला पोत्यांच्या सोबतीला.

आमचे मॅनेजर काळे साहेब. त्यांनी हळू बोललेलं वाशिमच्या ऑफिसात ऐकू येतं आणि मोठ्यानं बोललेलं अकोल्यात.

"राऊत! मुक्याले माइक देल्ला अन् रेडिओ गोडाऊनात ठेवला! कोन्या अकलेनं?"

"टेस्टच्या, साहेब."

"शुक्रवारी रिठदले पुन्हा मीटिंग लावा. थे बी फसली तं या दोघायपैकी एकालेबी कायम करणं नाई. सहा महिने भरत आले त्यायचे."

"आणि मी?"

"तुमची टेस्ट मी घेतो."

माझं सोडा, मी कातडीनं जाड. पण शालिकची सोयरीक एका वाक्यावर अडली होती. मुलीकडचे म्हणाले होते, "पोरगा परमनंट झाला की कळवा." आणि तो परमनंट होणार की नाही, हे माझ्या चाळीस प्रश्नांवर येऊन ठेपलं होतं.

मी दोघांचे फॉर्म काढले. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'एकट्याने भरावा'. आता मला सांगा, आपल्याकडे एकट्यानं फॉर्म भरलेला माणूस कोणी पाहिला आहे? रेशनकार्डाचा असो की पीकविम्याचा, फॉर्म घरी जातो. ज्याचं अक्षर चांगलं तो लिहितो आणि बाकीचे सांगतात. गजाननच्या फॉर्मवर तीन प्रकारची अक्षरं होती. अकराव्या प्रश्नावर वरणाचा डाग होता.

म्हणजे मी कामाला लावलेल्या माणसानं नव्हे, त्याच्या घरानं परीक्षा दिली होती. मोटरसायकल काढली आणि दोन्ही घरं पाहायला निघालो.

गजाननचं घर मालेगावजवळ. अर्धा किलोमीटर आधीच मला घर सापडलं, कारण ऐकू येत होतं. आत वडील, दोन काका, आई, आत्या आणि तीन भाऊ. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि सगळ्यांना सगळ्यांचं कळत होतं. मी दोन तास बसलो. त्यात मला फक्त "हो" म्हणायला मिळालं, तेही चहा घेता का याच्यावर. त्यांच्या म्हशीनंसुद्धा माझ्यापेक्षा जास्त भाग घेतला.

गजानन कोपऱ्यात बसून तोंड उघडायचा, जागा मिळायची नाही, मिटायचा. शेवटी त्यानं मला अंगणात नेलं.

"पाह्यलं ना सर? आमच्या घरी मीच मुका. मी लहानपणी बोलत नोतो म्हणून मले डॉक्टरकडे नेलं होतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यायले बोलूच कोन देल्लं? माहा बाप सोबत होता ना."

तिथून शालिकच्या गावी गेलो. दार उघडं, माणसं घरात, पण आवाज नाही. मला वाटलं चुकीच्या दिवशी आलो. शालिकच्या आईनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि बोटानं दाखवला. वडिलांनी मान हलवली, म्हणजे माझं स्वागत झालं. बहिणीनं भुवई उचलली, तर भाऊ उठून साखर घेऊन आला. अर्ध्या तासानं शालिक म्हणाला, "बसा सर, जेवूनच जा."

वडिलांनी कपाळाला हात लावला. हळूच मला म्हणाले, "लय बोलते हे पोरगं."

घरी आलेल्या पाहुण्याशी बोलतो तो शालिक. फोन उचलतो तो शालिक. बाजारात भाव करतो तो शालिक. म्हणून घरच्यांनी एकमतानं, अर्थात मान हलवून, त्याला एक्स्ट्रोव्हर्ट ठरवला होता. माणूस स्वतःला मोजायला घेतो तेव्हा हातात पट्टी घरचीच असते. गजाननची पट्टी मैलाच्या दगडाएवढी आणि शालिकची काडेपेटीएवढी.

दुसऱ्या दिवशी काळे साहेबांना सांगितलं, "दोघांच्या जागा बदलतो. गजानन माइकवर, शालिक गोडाऊनात."

"अन् टेस्ट?"

"टेस्ट बरोबर आहे साहेब. माणसं बदलून आली होती."

शुक्रवारी पुन्हा रिठद. काळे साहेब स्वतः पहिल्या रांगेत. शालिक पोती उतरवून मागे उभा. गजाननच्या हातात माइक दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असा आख्खा मंडप मिळाला होता जिथं मध्ये कोणी बोलत नाही. तो इतका गहिवरला की आधी त्यानं त्याबद्दलच दहा मिनिटं आभार मानले. मग बियाणं, खत, फवारणी, म्हैस, काका. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडले. एक जण पडला, बाकीचे त्याला उचलायला वाकले.

मग तेच टोपीवाले आजोबा उठले. "हे समदं ठीक हाय. पन माह्या वावरात तुमचं बी अर्धं उगवलंच नाई. काहून?"

गजानन बोलू लागला. हवामान, नशीब, शेजाऱ्याची डुकरं. पंधरा मिनिटं झाली, उत्तर काही येईना. काळे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलो नाही.

मागून शालिकचा आवाज आला. माइक नव्हता, तरी ऐकू आला, कारण लोक मागच्या वेळेपासून त्याच्या तोंडाकडे डोळे लावून होते.

"आबा, बी खोल पडलं. मांगच्या मीटिंगहून जातानी तुमचं उगवलं नाई म्हणून आयकलं, तं मी तुमच्या वावरात गेलतो. पेरणीच्या तासात हात घालून पाह्यला. दोन पेराच्या खाली नोका पेरू."

आजोबांनी आपल्या बोटाच्या पेरांकडे पाहिलं. "हे कोनीच सांगतलं नाई. थ्या दिवशीच काहून नाई बोलला लेका?"

"थ्या दिवशी मले मालूम नोतं. मालूम नसलं तं काय बोलू?"

काळे साहेब उठले आणि टाळ्या वाजवल्या. त्या मालेगावपर्यंत ऐकू गेल्या असाव्यात.

दोघंही कायम झाले. गजानन आता तालुकाभर माइक घेऊन फिरतो आणि घरी गेला की मुका होतो. शालिक जऊळक्याला आहे. ट्रक वीस मिनिटांत रिकामा होतो. शेतकरी एकेकटे त्याच्याकडे येतात, चार शब्द घेऊन जातात.

सोयरीक जमली त्या बैठकीला मीही होतो. मुलीच्या मामानं शालिकच्या वडिलांना विचारलं, "पोरगा सभावानं कसा हाय?"

वडिलांनी आधी मान हलवली. मग मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सर्वांत लांब वाक्य बोलले. "पोरगा चांगला हाय, जरासा बडबड्या हाय, सांभाळून घ्या."

माझ्यापुरता धडा एवढाच. टेस्ट ज्याची आहे त्याच्याकडून भरून घेऊ नये, त्याच्या घरच्यांकडूनही नाही. सोबत काम केलेल्या परक्या माणसाला विचारावं. मी स्वतःला आजवर इन्ट्रोव्हर्ट समजत आलो आहे. खात्री करायला माझा फॉर्म बायकोला भरायला दिला. बायको तशी परकी नाही, पण चोवीस वर्षं सोबत काम केलेली आहे. 'ही व्यक्ती किती बोलते?' हा पहिलाच प्रश्न.

तिनं पुरवणी मागितली.