हातावरची टेप

मास्तरांची टेप दिवसातून चार-पाच वेळा हरवायची. मग कापडाचे गठ्ठे उचलले जायचे, मशीनखाली वाकून बघितलं जायचं, "माझ्या टेपेला कुणी हात लावायचा नाही, शंभरदा सांगितलंय," असं भिंतीला ऐकवलं जायचं. आणि कोपऱ्यात काज करत बसलेल्या मावशी मान वर न करता म्हणायच्या, "गळ्यात."

गळ्यातच असायची.

या रोजच्या "गळ्यात"ला वैतागून मास्तरांनी बारा वर्षांपूर्वी एक जालीम उपाय केला. रस्त्याच्या टोकाला टॅटूचं दुकान होतं. तिथं जाऊन त्यांनी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपराकडे, सहा इंचांची पट्टी गोंदवून घेतली. इंचाच्या लांब रेघा, अर्ध्याच्या मधल्या, पावाच्या बारीक. टॅटूवाला नाकात बोलायचा. "दादा, हात सरळ ठेवा. सैल सोडा. हलू नका. आणि एक सांगतो, हे आयुष्यभर जाणार नाही. माझी गॅरंटी." मास्तरांना ती गॅरंटी फार म्हणजे फारच आवडली.

पंधरा दिवस हात सुजला, खाजला, खपल्यांनी भरला. मलम लावता लावता बायको म्हणाली, "लोक हातावर माणसाचं नाव काढून घेतात. तुम्ही इंच काढलेत."

"तुझं नाव काढलं असतं, तर खिसा कशानं मोजला असता?"

त्यानंतर तीन दिवस मलम मास्तरांनी स्वतःच लावलं.

पण दुकानात हात भलताच गाजला. मोठी मापं टेपेनं, म्हणजे ती सापडली तर. बारीकसारीक सगळं हातानं. खिसा, कॉलर, कफ. कापडावर हात टेकवला, खडू ओढला, झालं काम. गिऱ्हाइकं बघायला थांबत. एका आजोबांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं, "सेंटिमीटर दुसऱ्या हातावर आहेत का?" आणि गावभर बोललं जाऊ लागलं, की फिटिंग असावं तर मास्तरांचं. माणसाच्या हातातच माप आहे.

मास्तरांना दुःख एकच होतं. मावशी हळू होत्या. शिवून झालेला शर्ट काज-बटण आणि शेवटच्या हातशिलाईला त्यांच्याकडे जायचा आणि दोन-दोन तास तिथंच मुक्काम ठोकायचा.

"मावशी, शर्ट आहे तो. गालिचा नाही."

"होतंय," मावशी म्हणत. त्यांच्या "होतंय"मध्ये कधी होतंय ते नसायचं.

यंदा मावशींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्या रजेवर गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मास्तरांचा मेहुणा दुकानात उगवला. तो मशीन विकायचा आणि बोलताना श्वास घ्यायचा नाही. "दाजी, बटण दाबलं की काज, बटण दाबलं की काज, तुमचा चहा संपायच्या आत वीस शर्ट, पंधरा दिवस वापरून बघा, नाही आवडलं तर मी परत नेतो, पण आवडणार." मशीन मावशींच्या कोपऱ्यात बसलं. मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. ट्रायल रूमच्या आरशासमोर उभं राहून त्यांनी वाक्यही घोकलं, "मावशी, आता तुम्ही आराम करा." प्रेमानं म्हणून पाहिलं, हसून म्हणून पाहिलं. दर वेळी ते धमकीसारखंच ऐकू आलं.

त्याच आठवड्यात नव्या हॉटेलचं काम आलं. वेटरांसाठी बावीस जाकिटं, प्रत्येकाला ऑर्डर लिहायच्या वहीसाठी खिसा. वही पाच इंच उंच, खिसा साडेपाच हवा. एवढं मोठं काम मास्तरांना आजवर कधी मिळालं नव्हतं. त्यांनी हात टेकवला, खडू ओढला. मशीननं काजं केली. पुढच्या बुधवारी बावीस जाकिटं रवाना.

गुरुवारी सकाळी बावीसच्या बावीस परत. सोबत हॉटेलचे मॅनेजर. ते प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलत.

"मास्तर, काल सरावात आपला वेटर टेबलाशी अदबीनं वाकला."

"बरं."

"वही सूपमध्ये गेली."

मास्तरांनी वरचं जाकीट उचलून खिशात हात घातला.

"दुसरा वाकला. दुसरी गेली. रविवारी आपलं उद्घाटन आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत वह्या खिशात राहिल्या पाहिजेत. नाहीतर काम दुसरीकडे देतो, आणि कुठून काढून घेतलं तेही लोकांना सांगावं लागेल."

ते गेल्यावर मास्तरांनी खिसे टेपेनं मोजले. सगळे पाच इंच. मग हात सरळ करून टेप हातावर ठेवली. सहा इंच म्हणजे बरोब्बर सहा. टेप खरी, हात खरा, खिसे तेवढे खोटे. त्यांनी मशीनकडे रागानं पाहिलं. पण बिचाऱ्या मशीननं नुसती काजं केली होती.

तेवढ्यात काळा चष्मा लावून मावशी दारात आल्या. डॉक्टरकडून परतताना सहज डोकावल्या होत्या. त्यांनी एक जाकीट हातात घेतलं आणि खिशावरून बोट फिरवलं.

"अर्धा इंच खाल्ला."

"कुणी?"

"तुमच्या हातानं. मापायला ठेवता तसा ठेवा बरं."

मास्तरांनी कापडावर हात टेकवला. मापताना ठेवत तसा, कोपरात वाकवून, जरा आत वळवून. मावशींनी टेप लावली. हातावरचे साडेपाच, टेपेवर जेमतेम पाच. कोपर वाकलं की कातडी गोळा होत होती आणि तिच्याबरोबर इंचही. टॅटूवाल्यानं हात सरळ ठेवा म्हणून सांगितलं होतं. बारा वर्षं तो हात एकदाही सरळ ठेवून कुणी खिसा मोजला नव्हता.

"पण मग आजपर्यंतचे..." मास्तर बोलता बोलता थांबले.

मावशींनी जाकिटाचा खिसा उलटा करून आतली शिवण दाखवली. मग म्हणाल्या, "तुम्ही शिवणीत माया भरपूर सोडता. आत कापड असायचं. उसवायचं, अर्धा इंच खाली घ्यायचं, परत शिवायचं. वेळ लागायचा थोडा."

"बारा वर्षं? मला सांगितलं का नाहीत?"

"पहिल्याच आठवड्यात सांगणार होते. तुम्ही बाही वर करून दारात बसला होतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवत. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू." त्यांनी जाकीट खाली ठेवलं. "मग राहूनच गेलं."

मास्तरांना एकेक शर्ट आठवायला लागला. गालिचा नाही तो, शर्ट आहे. फिटिंग असावं तर मास्तरांचं. गावानं दिलेली शाबासकी त्यांनी बारा वर्षं एकट्यानं खाल्ली होती आणि वर जिनं ती मिळवून दिली तिलाच हळू म्हणून टोचलं होतं. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "मावशी, बसता का?"

डॉक्टरांनी वाकायला आणि सुई धरायला मनाई केली होती. म्हणून मावशी खुर्चीत ताठ बसल्या आणि मास्तर त्यांच्या पायाशी चटईवर. ते उसवत, शिवत, आणि मावशी बोट फिरवून निकाल देत. "हा बरा. हा परत. मास्तर, खिसा आहे तो, शिंकाळं नाही."

"होतंय," मास्तर म्हणाले.

शनिवारी दुपारी बाविसावी वही बाविसाव्या खिशात गेली. हॉटेलात मॅनेजरांनी एका वेटरला तीनदा वाकायला लावलं. "उत्तम. आपल्या हातात माप आहे, मास्तर."

"माझ्या हातात नाही," मास्तर म्हणाले. "आमच्या मावशींच्या बोटात आहे. बारा वर्षं तिथंच होतं."

परत येताना ते टॅटूवाल्याकडे डोकावले. "जाईल, दादा, पण आठ-दहा वेळा यावं लागेल, आणि डाग राहील," तो तसाच नाकात म्हणाला. "गॅरंटी दिली होती ना." मास्तर बाही खाली करून निघाले. निदान ही गॅरंटी तरी खरी निघाली.

दुकानात मावशी जायला उठल्या होत्या. कोपऱ्यातल्या झाकलेल्या मशीनकडे त्यांचा चष्मा वळला.

"हे?"

"परत जायचंय. सोमवारी." मास्तरांनी मशीनवरचं कापड नीट केलं. "डॉक्टर म्हणतील तेव्हा या, मावशी. महिन्यानं या. तोवर कोपऱ्यात कुणी बसणार नाही. पगार घरी पोचेल."

"एका शर्टाला दोन तास लागतील मला."

"तीन लावा."

मावशी हसल्या आणि पायरी उतरल्या. मास्तरांनी नवं कापड पसरलं, खडू उचलला, आणि डावा हात टेकवता टेकवता मागे घेतला. गठ्ठे उचलले, मशीनखाली वाकून पाहिलं.

"गळ्यात," रस्त्यावरून आवाज आला.